थंड राहिलेली खोली

या सोमवारी सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकला आणि कळलं, आली. रात्रीतून वारा फिरला होता. बाहेर कापसाच्या पऱ्हाटीचा धूर रेंगाळत होता, समोरच्या गल्लीत दोघं-तिघं शेकोटीपुढं हात पसरून बसले होते आणि भाजीच्या हातगाडीवर तुरीच्या शेंगांचा ढीग होता. थंडी पडली की लोकांना काय काय आठवतं. कुणाला हुरडा, कुणाला शेतातली जागल, कुणाला लग्नाचं पहिलं वर्ष. मला फरशी आठवते. यवतमाळच्या सरकारी क्वार्टरच्या मागची, शहाबादी, राखेनं काळपट झालेली, सकाळी सातला पाण्यानं ओलीचिंब. आणि त्या फरशीवर माझ्या मायचे पाय.

मी विसरणाऱ्यातली नाही, हे आधीच सांगते. एकदा डूख धरला की धरला. माय म्हणते, "तुह्या आंगात नागीण हाये पोरी." असेल. पण ती नागीण तिच्याच पायाच्या भेगांतून आत शिरली, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.

माय अकरा वर्षं त्या क्वार्टरमध्ये धुणीभांडी करायची. साहेब कुठल्याशा खात्यात वरच्या जागेवर होते. घरात त्यांच्या बाई, ज्यांना सगळी कॉलनी काकू म्हणे. जायचं मागच्या बोळीतून. चपला मागच्या फाटकाशी काढायच्या, पुढं अनवाणी. घरात पाऊल नाही. भांडी दाराबाहेर आलेली असायची, ती घासून, विसळून, उंबरठ्याच्या अलीकडं उपडी मांडायची. मग काकू त्यांच्यावर वरून तांब्याभर पाणी ओतायच्या आणि आत न्यायच्या. त्या उंबरठ्याच्या आत अकरा वर्षांत मायनं काय पाहिलं? एक पडद्याची किनार आणि कॅलेंडरचा खालचा अर्धा भाग.

आमच्या वस्तीतल्या घरात फरशी नव्हती. शेणानं सारवलेली मातीची भुई. मला तेव्हा त्या भुईची लाज वाटायची, कारण शाळेतल्या मैत्रिणींच्या घरी गुळगुळीत फरश्या होत्या. पुढं नळजोडणीच्या धंद्यात पडल्यावर कळलं की माती पायाची ऊब ओढून घेत नाही, दगड घेतो. म्हणजे पौषातल्या सकाळी आमच्या झोपडीत पाय सुखी होते आणि साहेबाच्या दारी ते कापले जात होते. हे कळलं त्या दिवशी मी एकटीच पुष्कळ वेळ हसले.

माय तापानं पडली की मी जायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा तेराची होते. आधी टाचा झोंबल्या, मग पोटऱ्यांपर्यंत कळ गेली, मग काहीच वाटेना. मी एका पायावर उभी राहून दुसरा पाय परकराच्या घोळात गुंडाळायचे, मग तो बदलायचे. काकू दारात उभ्या होत्या. पायात लोकरी मोजे, त्यावर घरातल्या कापडी सपाता. त्या काही दुष्ट नव्हत्या, हे मुद्दाम लिहिते. संक्रांतीला तिळाचे लाडू द्यायच्या, वरून हातात टाकून, पण द्यायच्या. मला एक जुना स्वेटर दिला होता, तो मी दोन वर्षं घातला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही देता आल्या असत्या.

मायनं त्यांना एकदाच विचारलं होतं, माझ्यासमोर. "बाई, थंडी लय हाये. पायात सपाता घालून घासू का भांडे? धुवून ठेवीन मी सपाता."

काकू हसल्या. म्हणाल्या, "चपला घालून माझ्या भांड्यांपाशी? काहीतरीच तुझं सकू. होते गं सवय. सवय होते."

माय बरं म्हणाली आणि कढई घासायला लागली. सवय खरंच झाली. ती तळपाय टेकवायचीच नाही. पायाच्या बाहेरच्या कडांवर उभी राहायची, कडांवर चालायची, बदकासारखी. काम सुटून वीस वर्षं झाली तरी तशीच चालते. रात्री मेणबत्तीचं मेण गोडेतेलात वितळवून भेगांत भरते आणि पाय पोटाशी घेऊन झोपते. डॉक्टर म्हणतात, चालण्याच्या त्या पद्धतीनं गुडघ्यांची वाट लागली. मी डॉक्टरांना कारण सांगत नाही. कारण माझ्यापाशी जपून ठेवलेलं आहे.

पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा झाला आणि नोकरी लागली ती पार हिमाचलात, एका हॉटेलच्या कामावर. नळजोडणीची सुपरवायझर म्हणून. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत पाहुणे अनवाणी हिंडतायत. मी बूट काढले, मोजे काढले, पाय टेकवला. फरशी कोमट होती, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या गादीसारखी. मला रडू नाही आलं, राग आला. तोवर मला वाटायचं, थंडी म्हणजे थंडी, पडते, त्याला कोण काय करणार. तिथं कळलं की फरशी गार असणं ही देवाची करणी नाही. कुणाच्या तरी मर्जीवर असतं ते. तीन हिवाळे तिथं राहिले आणि ते काम हाडामांसात भिनवून घेतलं.

कामात जादू काही नाही. फरशीखाली बोटाएवढी जाड प्लास्टिकची नळी जिलबीसारखी वळवून टाकायची आणि तिच्यातून कोमट पाणी फिरत ठेवायचं. पाणी छतावरच्या सोलरच्या टाकीतून येतं, ढगाळ दिवशी बॉयलर. दर खोलीची नळी वेगळी आणि अखंड. फरशीखाली जोड द्यायचा नाही, हा पहिला नियम, कारण जोडच कधीतरी गळतो. सगळ्या नळ्यांची तोंडं भिंतीतल्या एका पेटीत आणायची, दर खोलीला पाण्याची एक चावी. सिमेंट ओतायच्या आधी नळ्यांत दाब भरून दिवसभर ठेवायचा. दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा हलला नाही तर काम खरं.

मायसाठी परत आले तेव्हा इथं सगळे हसले. हार्डवेअरच्या दुकानातला शेठ म्हणाला, "मॅडम, यवतमायात फरशी तापवून राह्यल्या तुमी? मे महिन्यात फुकट तापते ना ते, गिऱ्हाईक थंड कराले पैसे देते." त्याचं बरोबर होतं. चार वर्षं मी सोलर बसवले आणि गळके नळ बांधले.

मग एक दिवस परदेशातून फोन आला. आईसाठी दारव्हा रोडला बंगला बांधतोय, तिचे गुडघे गेलेत, थंडीत पाय बर्फ होतात, नागपूरच्या सोलरवाल्यानं तुमचं नाव सांगितलं, फरशी तापवून द्याल का. मी पत्ता लिहून घेतला. आईचं नाव विचारलं आणि लिहिता लिहिता माझं पेन थांबलं.

साहेब गेले होते. काकू अठ्ठ्याहत्तरीच्या, हातात काठी. अर्धवट बांधलेल्या घरात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या. मला कसं ओळखणार? आधी म्हणाल्या, "मुलगी असून हे काम करतेस, कौतुक आहे." मग, "कुठल्या तुम्ही?" मी म्हटलं, घाटंजीकडच्या. मग थोडं थांबून, "आडनाव?" मी आडनाव सांगितलं, आणि विचारलं नव्हतं तरी मायचं नावही सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "अगं, सकूची तू? केवढी झालीस. ती बरी आहे ना?" त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. मी ते पाहिलं आणि तेही लक्षात ठेवलं.

मी नकाशा उलगडला. सात खोल्या, सात नळ्या. काकूंनी काठीचं टोक एका चौकोनावर ठेवलं.

"हे देवघर. एवढं सोड. बाकी घरभर काहीही कर. इथं तू नको जाऊस बाळ, तुझे मजूरही नकोत. तू वाईट वाटून घेऊ नकोस, सोवळ्याचं असतं. तुला कळतंय ना?"

मला कळलं. रहीमभाई, ज्यांनी त्याच देवघराच्या चारही भिंती उभ्या केल्या होत्या, ते शेजारीच ओळंबा धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि छताकडं पाहायला लागले. नंतर बाहेर येऊन म्हणाले, "भिंती चालल्या ना मॅडम माह्या. गुरुजी पाणी शिंपडून घेतात मंग. भुईचं मात्र कडक दिसते."

आता माझ्या हिशेबानं तिथं मी काय बोलायला हवं होतं, ते सांगते. बोलायला हवं होतं की काकू, सबंध घर कोमट आणि एक खोली गार असली की ती खोली दुप्पट गार लागते. उबेला सोकावलेला पाय त्या खोलीत चटका बसल्यासारखा मागं येतो. आणि एकदा संगमरवर बसला की नंतर नळी टाकायची तर सगळं फोडावं लागेल. हे मी कुठल्याही गिऱ्हाईकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगते. काकूंना नाही सांगितलं. "बरं" म्हटलं, अगदी मायसारखं. नकाशातल्या देवघरावर काट मारली, शेजारी लिहिलं, 'ग्राहकाच्या सांगण्यावरून वगळले', आणि काकूंची सही घेतली. त्यांनी वळणदार अक्षरात सही केली आणि खाली तारीखही टाकली.

याहून वाईटही मनात आलं होतं. त्यांच्या बेडरूमची नळी टाकताना पितळेचा एक जोड माझ्या मुठीत होता. दोन हिवाळ्यांनी सुटेल असा, नेमका पलंगाखाली. कुणाला कळलं नसतं. पण हात धजेना. काकूंची दया आली म्हणून नाही. त्या घड्याळाच्या काट्यावर माझं नाव होतं, आणि ते नाव मी गार फरशीवर उभं राहून कमावलेलं. त्यांच्यासाठी ते कायले नासवू? जोड पिशवीत परत टाकला. पण भिंतीतल्या पेटीत मी सात तोंडं ठेवली. सहा खोल्यांना दिली, सातव्याला बूच मारलं. मजुरानं विचारलं, हे काहून? म्हटलं, राहू दे, लागेल.

त्याच उन्हाळ्यात घरी मायच्या खोलीत मी एक नळी टाकली. स्वतः विकत आणून, लहानशी, ती बसते तेवढ्याच जागेत. दिवाळीनंतर पहिल्यांदा चालू केली. मायनं पाय टेकवला आणि उचलला. "जित्ती हाये का वं हे फरशी?" मग वाकून हातानं चाचपली, मांजराची पाठ चाचपावी तशी. मला वाटलं होतं, आता तरी ती तळपाय पसरून चालेल. नाही चालली. कोमट फरशीवरसुद्धा कडांवरच चालत राहिली. त्या दिवशी माझ्या मनातून उरलासुरला मऊपणा गेला.

काकूंचा पहिला हिवाळा सुरेख गेला म्हणे. आल्यागेल्याला चपला काढायला लावून "पाय ठेवून बघा" म्हणायच्या. रोज सकाळी मात्र दोन तास पूजा. देवघरात मोजे चालत नाहीत. आसन लोकरीचं, पण बसताना, उठताना, फुलं घ्यायला वळताना पाय संगमरवरावर येणारच. खुर्चीवर बसून पूजा करणं त्यांना पटेना. हीटर लावून पाहिला, तर समई विझायची आणि त्यांना धाप लागायची. दुसऱ्या हिवाळ्यात गुडघे असे धरले की त्यांना उठवायला दोन बायका लागायला लागल्या.

मुलाचा फोन आला. आवाज चढलेला. "मॅडम, देवघर सोडलंच कसं तुम्ही? तिचा सगळ्यात जास्त वेळ तिथं जातो."

मी नकाशाचा फोटो पाठवला. सही, तारीख, सगळं. तो ते वाचेपर्यंत मी चहात साखर घातली, ढवळली आणि प्यायले. इतका गोड चहा मी आयुष्यात प्यायले नाही. खोटं कशाला बोलू.

शेवटी तो हळूच म्हणाला, "आता करता येईल?" मी म्हटलं, येईल. संगमरवर फोडावा लागेल. पण सांगायचं काकूंनी.

दोन दिवसांनी काकू बोलल्या. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, "शीला, तुझ्या हाताखाली आणखी कोणी आहे का गं? म्हणजे... आमच्यातला? त्याला पाठव. तू बाहेरून सांग, तो करेल."

एरवी मी त्यांच्याशी पुस्तकी बोलते. त्या दिवशी तोंडातून माझी बोली आली. "नाही काकू. हे काम अख्ख्या जिल्ह्यात मलेच येते. अन् त्या खोलीत मले येता येत नाही, तुमीच तर सांगतलं."

त्यांनी फोन ठेवला. तो हिवाळा त्यांनी तसाच काढला. मी रोज सकाळी सात वाजता घड्याळ पाहायचे. आता बसल्या असतील. आता पाय बधीर झाले असतील. चांगल्या माणसाच्या मनात असलं येऊ नये, मला माहीत आहे. माझ्या यायचं.

आणि या सोमवारी, थंडीची पहिली चाहूल लागली तेव्हा, पुन्हा त्यांचा फोन. आवाज बारीक झालेला. "तू ये. तूच ये. देवघरात ये. मी सांगते आहे."

हे वाक्य मी किती वर्षं ऐकायला थांबले होते. माय शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होती, फोन तिला ऐकू गेला होता. ती म्हणाली, "सांग बाईले, मी बी येतो. मले एक डाव पाहाचं हाये तिचं घर. आतून." मी तेच सांगितलं. आणि वर जोडलं, पुढच्या दारानं.

काल गेलो. मायनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. चपला पुढच्या दारापाशी काढल्या, आणि त्या फाटकाबाहेर नव्हे, पायरीवर, काकूंच्या सपातांशेजारी ठेवल्या. काकू काठी टेकत समोर आल्या. "ये सकू," म्हणाल्या. वीस वर्षांनी दोघी एकमेकींसमोर उभ्या होत्या आणि दोघींचेही गुडघे सारखेच वाकलेले होते. हॉलची फरशी कोमट होती. माय कडांवर चालत, भिंतींवरचे फोटो बघत, घाई न करता देवघराच्या दाराशी पोचली. तिनं काकूंकडं पाहिलं. काकूंनी मान हलवली. माय आत गेली.

आत पांढरा संगमरवर, समई, चंदनाचा वास. माय देवांकडं पाहत नव्हती, आमचे देव ते नाहीतच. ती खाली पाहत होती. मग माझ्या मायनं, जी तीस वर्षांत कधी तळपाय टेकवून उभी राहिली नव्हती, दोन्ही पाय त्या दगडावर सपाट टेकवले. टाचेपासून बोटांपर्यंत. आणि तशीच उभी राहिली. तिच्या पायाची बोटं पांढरी पडायला लागली तसं मी म्हटलं, माय, बाहेर ये. आली नाही.

"लय थंड हाये वो बाई," ती शेवटी म्हणाली. अगदी मऊ आवाजात, विचारपूस करावी तशी. "पण होते सवय. सवय होते."

काकूंनी दाराची चौकट धरली. त्यांना आठवलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. समईची वात तडतडत होती. माय बाहेर आली, हॉलच्या मधोमध कोमट फरशीवर बसली आणि तिनं पाय लांब पसरले. काकूंनी स्वतः पाणी आणलं, काठी सोडून, भिंतीचा आधार घेत. मायनं घेतलं, प्यायली, पेला खाली ठेवला. मी तोवर पेटीचं झाकण उघडून पाहिलं. सातवं तोंड बुचासकट जागच्या जागी होतं.

येताना ऑटोत मी विचारलं, "माय, करू का तिचं काम?" मला वाटलं होतं, ती नको म्हणेल. किंवा कर म्हणेल, म्हातारी झाली बिचारी, सोड आता. मी दोन्हीला तयार होते, नागीण फणा काढून बसलेली असूनही. तिनं नाही म्हटलं असतं तर मीही कायमचं नाही म्हटलं असतं, आणि कर म्हणाली असती तर आजच संगमरवर फोडला असता.

माय रस्त्याकडं पाहत होती. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, बायका वेचत होत्या. तिनं लुगड्याचा पदर पायांवर ओढून घेतला.

"करजो," ती म्हणाली. "पण उन्हायात करजो."